असाइनमेंटवर मार्क कशाला? आधी नुसता शेरा द्या

समास: मी कॉलेजात शिकवते. तपासलेली असाइनमेंट हातात पडली की मुलं मार्क बघतात, शेजारच्याचे बघतात आणि कागद बॅगेत. मी समासात रात्री जागून जे लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास हेच सांगतो, ज्यांना नुसता शेरा मिळाला ती मुलं पुढच्या कामात सुधारली, नुसते मार्क मिळालेली नाही, आणि मार्क अधिक शेरा मिळालेलीसुद्धा नाही! म्हणून पहिल्या खेपेला फक्त शेरा, मुलांनी दुरुस्त करून परत द्यायचं, मार्क दुसऱ्या खेपेलाच.

लाल पेन: अजिबात पटलं नाही. एकेक गठ्ठा दोनदा तपासायचा म्हणजे शिक्षकाने झोपायचं कधी? आणि मार्क कमी पडले तर मुलगा येऊन भांडू तरी शकतो, "मांडणी विस्कळीत" या शेऱ्यावर काय भांडणार. ज्याच्या घरी शेरा समजावून सांगणारं कोणी नाही त्याला आकडाच कळतो हो.

मागचा बाक: आकडा तरी कुठे पक्का असतो? स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१३ मध्ये भूमितीचा एकच पेपर शंभरावर शिक्षकांना तपासायला दिला, मार्क पडले २८ पासून ९५ पर्यंत. भूमितीत ही गत, तर निबंधाचं काय घेऊन बसलात.

लाल पेन: म्हणून तर रुब्रिक आलं ना. मुद्द्याला किती, पुराव्याला किती, हे आधीच छापून द्या. मोजमाप चुकतंय तर मोजमाप सुधारा, काढून का टाकता?

गणितवाला: रुब्रिक असू दे, पण शून्य देणं आधी बंद करा. तीन असाइनमेंटला ९०, चौथी दिलीच नाही म्हणून ०, सरासरी ६७.५. हा आकडा त्या मुलाला काय येतं याबद्दल काहीच सांगत नाही, शिस्तीची नोंद वेगळ्या रकान्यात करा की.

लाल पेन: हे मान्य. पण चॅटजीपीटी लिहून देतंय त्याचं काय? तुमचा शेराही मुलं त्यालाच देतील, दुरुस्त कॉपी दोन मिनिटांत हजर.

समास: म्हणूनच दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं समोर बसवून विचारायचं, हा परिच्छेद का बदललास, हा पुरावा का काढलास. ज्याने स्वतः विचार केलाय तो अडखळत का होईना पण सांगतो.

लाल पेन: ती पाच मिनिटं टाइमटेबलमध्ये मिळवून द्या, मी उद्यापासून करतो. घरच्या वेळात मात्र नाही.