अंडीखाऊ सापाला मांजऱ्यांच्या गोतात कशाला बसवलं?

बाभूळबन: प्राणिशास्त्रज्ञ राइनहार्टने 1863 मध्ये वर्णन केलं तेव्हापासून अंडीखाऊचं स्वतःचं घर होतं. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, 'एलॅचिस्टोडॉन', आणि त्यात हा एकटाच. 2018 मध्ये डीएनए तपासला आणि हा 'बोइगा वेस्टरमॅनी' झाला, म्हणजे मांजऱ्या सापांच्या (जीनस बोइगा) पंगतीत. मला नाही पटलं. मांजऱ्या पाली, सरडे, पाखरं खातो. हा नुसती अंडी. तोंडात दात नावापुरते. मानेमागच्या मणक्यांना टोकं आहेत, ती थेट अन्ननलिकेत उतरलेली. अंडं सबंध गिळायचं आणि आत फोडायचं! एवढी हत्यारं वेगळी असताना घर का मोडलं? शिवाय मांजऱ्या निमविषारी. उद्या लोक याच्याही मागे काठी घेऊन लागतील.

कात_टाकलेला: हत्यारांवरून गोत ठरत नाही हो. आफ्रिकेतल्या डॅसिपेल्टिस या अंडी खाणाऱ्या सापांच्या मणक्यांनाही अशीच टोकं असतात. तेवढ्यावरून पूर्वी दोघांना एकाच उपकुळात घातलं होतं, आणि नातं लांबचं निघालं. मणक्याची टोकं म्हणजे धंदा, रक्त नव्हे. रक्त बघायचं तर डोळा बघा, बाहुली उभी. पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बघा, मोठे, षटकोनी. दोन्ही गोष्टी मांजऱ्यातही आहेत. वंशवृक्षात हा बोइगाच्या फांद्यांच्या मधोमध येतो. त्याला वेगळा ठेवायचा तर बोइगाचेच तुकडे पाडावे लागतील.

बाभूळबन: मग पाडा! 30 च्या वर जाती कोंबल्यात त्यात.

कात_टाकलेला: एका सापाच्या हौसेसाठी बाकी सगळ्यांची नावं बदलायची? आणि बोइगा हे नाव 1826 चं, म्हणजे जुनं. एकत्र केल्यावर तेच टिकणार.

विहिरीवरचा: मी साप पकडून सोडतो, नावांच्या भांडणात फारसा पडत नाही. पण निमविषारीचं ऐकून राहवलं नाही. विष उतरवणारे खाचेचे मागचे दात याला जुन्या नावातही होतेच की, नवीन काय झालं? माणसाला काही होत नाही. मरतो तो वेगळ्याच कारणाने. मागे एका गोठ्यात बोलावलं, पोचेपर्यंत ठेचलेला. "मण्यार आहे" म्हणे. काळपट अंग आणि मानेपासून शेपटीपर्यंत पिवळसर उभा पट्टा, दोरी ओढल्यासारखा. मण्यारीचे पट्टे आडवे असतात, पण घाबरलेल्या माणसाला उभं-आडवं कुठलं कळतं.

बाभूळबन: डॅसिपेल्टिसचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, हा एलॅचिस्टोडॉन म्हणून गेला. उद्या कोर्टात कुणी म्हणालं, "बोइगा वेस्टरमॅनी यादीत नाही" तर?

कात_टाकलेला: प्राणी तोच आहे, जुनं नाव समानार्थी म्हणून नोंदलेलं असतं. तरी सरकारी यादीत दोन्ही नावं असावीत, याला माझी ना नाही.

विहिरीवरचा: तुमचं ठरेपर्यंत मी गावातल्या फलकावर 'अंडीखाऊ, उभा पट्टा' एवढंच रंगवतो.