'डॉक्टर हू'ची धून: चाल रॉन ग्रेनरची, मग डेलिया डर्बिशायरचं काय?

तंबोरा
बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. तिच्या शीर्षकधुनेचा संगीतकार म्हणून नाव रॉन ग्रेनरचं. त्याने चाल कागदावर उतरवली, 'ढग', 'वाऱ्याचे बुडबुडे' अशा खुणा केल्या आणि कागद रेडिओफोनिक वर्कशॉपकडे, म्हणजे बीबीसीच्या वेगळे आवाज तयार करणाऱ्या विभागाकडे दिला. तिथे डेलिया डर्बिशायरने डिक मिल्सला मदतीला घेऊन त्या खुणांचे आवाज केले. सिंथेसायझर नव्हता. खर्जातला ठेका म्हणजे एका तारेचा एकच छेडलेला स्वर. तो टेपवर घेऊन, वेग कमीजास्त करून त्यातून बाकीचे स्वर काढले, तुकडे ब्लेडने कापले, जोडले. वरचा घरंगळणारा सूर तिने ऑसिलेटरची, म्हणजे विजेवर स्वर काढणाऱ्या उपकरणाची, चकती हाताने फिरवून काढला. मग सगळ्या टेपा एकदम चालू करून मिसळल्या.

ऐकून ग्रेनरने विचारलं, हे मी लिहिलंय? ती म्हणाली, बरंचसं. त्याला तिला श्रेयात आणि मानधनात वाटा द्यायचा होता. बीबीसीने नाही म्हटलं, कारण वर्कशॉपचे नोकर निनावी राहायचे.

माझं ठाम मत: सहसंगीतकार म्हणून तिचं नाव पहिल्या भागापासून हवं होतं.

निरीक्षक
असहमत. चाल ज्याची, रचना त्याची. हीच धून पुढे १९८०मध्ये पीटर हॉवेलने सिंथेसायझरवर नव्याने केली, त्यानंतर इतरांनीही केली. डेलियाच्या टेपा नसतानाही धून लगेच ओळखू येते, ती ग्रेनरच्या स्वरांमुळे. डेलियाचं काम अव्वल दर्जाचं होतं, पण ते संयोजन होतं. शिवाय निनावीपणाचा नियम डिक मिल्सलाही लागू होता. त्याला बाईवरचा अन्याय म्हणणं मला पटत नाही.

जुनी रीळ
मी रेडिओत टेप कापण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून संयोजन या शब्दाला हरकत घेतो. संयोजक ठरवतो की इथे बासरी, तिथे व्हायोलिन. ही वाद्यं आधीपासून असतात. डेलियाकडे वाद्यच नव्हतं. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर साडेसात इंचांचा. म्हणजे लय पट्टीने मोजायची. थोडं चुकलं की ठेका लंगडतो, आणि नेमका कुठला जोड बिघडलाय ते शोधत पुन्हा सुरुवातीपासून ऐकायचं.

तिची आणखी एक रीत. धातूची एक हिरवी लॅम्पशेड तिला फार प्रिय होती. ती वाजवून ध्वनिमुद्रण करायचं, ठोक्याचा पहिला आघात कापून टाकायचा, उरलेल्या गुंजनात कुठल्या कंपनसंख्या आहेत ते शोधायचं आणि त्या ऑसिलेटरवर पुन्हा उभ्या करायच्या. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत दोन्ही शिकलेली होती ती. याला रचना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

शेवंती
निरीक्षक, नियम सगळ्यांना सारखा होता हे खरं. पण दारं सारखी नव्हती. १९५९मध्ये डेक्का कंपनीने डेलियाला सांगितलं होतं की आम्ही ध्वनिमुद्रण स्टुडिओत बायका घेत नाही.

आणि तंबोरा, तुमच्यावरही माझा राग आहे. सगळं डेलियापाशीच का थांबतं? १९५८मध्ये हे वर्कशॉप उभं राहिलं त्यामागे डॅफ्नी ओरमचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. पुढच्याच वर्षी ती बीबीसी सोडून गेली आणि काचेवर, फिल्मवर रेषा काढून त्यातून आवाज निघेल असं यंत्र स्वतः बांधत बसली. याच वर्कशॉपमधल्या मॅडलेना फॅगन्डिनीचं तर नावही कोणी घेत नाही. तिच्या ठेक्यावर बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने १९६२मध्ये रेकॉर्ड काढली, ती 'रे कॅथोड' या नावाने. काम बाईचं, वर नाव एका पुरुषाचं, आणि तो पुरुषही अस्तित्वात नसलेला!

निरीक्षक
त्या टोपणनावामागे मार्टिनचंही नाव झाकलं गेलं होतं. तरी फॅगन्डिनीबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, मला हे माहीत नव्हतं. श्रेयनामावलीत डेलियाचं नाव हवं होतं हेही मान्य. 'सहसंगीतकार' मात्र नाही.

तंबोरा
शेवंती, ओरमबद्दल लिहायला हवं होतं, चूक माझी.

निरीक्षक, ज्याची चाल तो स्वतः वाटा द्यायला तयार होता. मग आपण कोणाचा हक्क राखतोय? पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३च्या सुवर्णमहोत्सवी भागात. ती २००१मध्येच गेली होती.

निरीक्षक
ग्रेनर मनाचा मोठा होता, एवढंच त्यावरून ठरतं. रचना कोणाची हे त्याच्या उदारपणावरून ठरत नाही.

जुनी रीळ
मग तुमचंच १९८०चं उदाहरण घ्या. हॉवेलच्या हाताशी सिंथेसायझर होते, हवा तो आवाज काढता आला असता. त्याने काय ठेवलं? तोच धडधडता खर्ज आणि तोच घरंगळणारा सूर. ते नुसत्या स्वरलिपीत लिहिलेलं नव्हतं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका, मग बोलू.