सायकल थेट कंपनीकडून की नाशकातल्या दुकानातून? – अनुभव धागा

नाशकात सायकल घेणाऱ्यापुढे आता तीन वाटा आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावरून मागवायची आणि खोक्यात घरी आणवायची. डेकॅथलॉनसारख्या, स्वतःच बनवून स्वतःच विकणाऱ्या दालनातून घ्यायची. नाहीतर गावातल्या दुकानातून फिटिंग करून न्यायची. किमतीतला फरक सगळ्यांना दिसतो. त्या फरकात काय मिळतं आणि काय राहून जातं, हे जाणकारांनी इथे लिहावं. कुठला पार्ट, कुठलं माप, काय बिघडतं आणि का, एवढ्या तपशिलात. गंगापूर रोडने सकाळी सोमेश्वरपर्यंत जाणारा, सातपूरला शिफ्ट गाठणारा आणि त्र्यंबकपर्यंत जाऊन येणारा, तिघांची गरज वेगळी. तेव्हा कोणत्या वापरासाठी सांगताय तेही लिहा.

पंचवटी, दुरुस्तीचं काम

दुकानातली सायकलही त्याच खोक्यातून येते, हे आधी लक्षात घ्या. लुधियानाहून निघो की चेन्नईहून, पुढचं चाक काढलेलं, हँडल आडवं बांधलेलं, पेडल आणि सीट वेगळी. खरा फरक पडतो तो पुढची फिटिंग कोण करतं आणि किती नीट करतं यात.

घरी खोकं आलं तर डिलिव्हरीवाला समोर असतानाच सगळ्या बाजूंचे फोटो घ्या. मागच्या गिअरच्या बाजूला खोकं दबलेलं किंवा फाटलेलं असेल तर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलेला असण्याची शक्यता मोठी. उघडतानाचा व्हिडिओ घ्या, पुढे नुकसानीचा दावा करायला तोच लागतो.

आता क्रम. आधी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, सरळ करा. खोक्यात तो बरेचदा उलटा फिरवलेला असतो आणि तसाच ठेवून हँडल बसवलेल्या सायकली दुरुस्तीला येतात. डिस्क ब्रेक असेल तर पुढचा कॅलिपर (ब्रेकपॅड धरणारा भाग) सायकलीवर बसल्यावर डाव्या हाताला यायला हवा, आणि केबलींना पीळ नको. मग स्टेम, म्हणजे हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा तुकडा. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त हेडसेटमधली (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगमधली) ढिलाई काढतो. म्हणून तो आधी हलका आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, खडखड गेली की थांबा. त्यानंतर बाजूचे दोन बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटर. उलट क्रमाने केलं तर हेडसेट ढिला राहतो आणि छर्रे कपात खड्डे पाडतात.

पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा, पाना नंतर. हाताने जात नसेल तर बाजू चुकलीय किंवा पेडल तिरकं लागलंय. अशा वेळी पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे) आटे जातात आणि नवा क्रँक घ्यावा लागतो. शेवटी १५ च्या पान्याने घट्ट.

हायड्रॉलिक ब्रेकच्या कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची पट्टी असते. चाक बसवायच्या क्षणापर्यंत ती काढू नका आणि चाक नसताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसंच आवळा. तरी एकाच जागी घासली तर डिस्क वाकलीय.

चाकाचा आऊट (डोलणं) मात्र घरी काढायला जाऊ नका. नवीन चाकाच्या तारा पहिल्या १००-१५० किलोमीटरमध्ये बसतात, मग ताण पुन्हा सारखा करावा लागतो. केबलही त्याच काळात बसते आणि गिअर उड्या मारू लागतात. दुकानातली पहिली सर्व्हिस याचसाठी असते. थेट मागवणाऱ्याने तिचे पैसे धरूनच किंमत काढावी.

कॉलेज रोड, रोड बाइक

वरच्या काकांनी फिटिंगचं सांगितलं, मी मापाचं सांगते, कारण चुकलेलं माप कुठल्याच पान्याने दुरुस्त होत नाही.

उंचीवरून एम की एल सांगणारा तक्ता पुरेसा नाही. भिंतीला टेकून अनवाणी उभे राहा, पुस्तक पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून मोजा. ही आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणलं की बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतात तो मधला भाग) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची साधारण मिळते. ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. मग कंपनीच्या भूमिती-तक्त्यात रीच (बीबीपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) आणि स्टॅक (तेच उभं अंतर) हे दोन आकडे बघा, आणि तुम्हाला सोयीची वाटणाऱ्या एखाद्या सायकलीशी ताडा. एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढी लांब असू शकते. रीच जास्त निघाला तर १०-२० मिलिमीटर आखूड स्टेम लावून भागतं. स्टॅक कमी निघाला तर मात्र अडतं: फोर्कची नळी आधीच कापलेली असते, त्यामुळे हँडल उंच करायला स्टेमखाली स्पेसर (कड्या) वाढवायला जागाच नसते.

दालनात किंवा दुकानात जाऊन बसून बघण्याची खरी किंमत इथे आहे. दोन मापांच्या मधे येत असाल तर बसून बघितल्याशिवाय मागवू नका, कितीही सवलत असो.

अंबड, मशीन शॉप

सुट्या भागांबद्दल लिहितो. थेट विकणाऱ्या कंपन्यांची अडचण हँगरपासून सुरू होते. मागचा डिरेलर (चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर, आणि प्रत्येक मॉडेलला त्याचा आकार वेगळा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो, वाकायलाच हवा, नाहीतर फ्रेम वाकेल. म्हणून सायकलबरोबरच दोन जादा हँगर मागवा. मॉडेल बंद झाल्यावर शोधत बसावं लागतं.

नाहीच मिळाला तर आपल्याकडे अंबड-सातपूरला जुना तुकडा नमुना देऊन ॲल्युमिनियममध्ये बनवून घेता येतो. डिरेलरच्या भोकाचे आटे १० मिलिमीटर, पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर. नेहमीचा दीड पिचचा टॅप मारला तर डिरेलर बसणार नाही, हे कारागिराला आधीच सांगा. स्टीलमध्ये बनवू नका, मग धक्का फ्रेमवर जातो.

ऑर्डर देण्याआधी आणखी बघायचं ते: सीटपोस्टचा व्यास (२७.२, ३०.९, ३१.६ ही मापं सहज मिळतात), मागची दातेचक्रं फ्रीव्हील (आट्यांनी हबवर बसणारी) आहेत की कॅसेट (हबवर सरकवून बसवलेली), बीबी आट्यांची आहे की दाबून बसवलेली. आट्यांची ६८ मिलिमीटरची बीबी कुठलाही चांगला मेकॅनिक बदलतो, फक्त उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. दाबून बसवलेल्या बीबीला वेगळं हत्यार लागतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात चालवणार असाल तर आट्यांचीच घ्या, पाणी शिरलं की खोलून ग्रीस भरणं सोपं जातं.

इंदिरानगर, दुकान

दुकानदाराची बाजूही यावी. आमच्याकडे किंमत जास्त दिसते त्यात फिटिंग, पहिल्या सर्व्हिस आणि माप बदलून देण्याची मुभा असते, निदान असायला हवी. सगळीच दुकानं हे नीट करत नाहीत, हे मान्य. म्हणून पैसे देण्याआधी तिथेच तपासून घ्या, चांगला दुकानदार रागावणार नाही.

दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेकपॅडपाशी रिम किंवा डिस्क डोलते का बघा. दोन्ही क्रँक धरून आत-बाहेर हलवा, खेळ नको. मागचं चाक उचलून सगळे गिअर टाका. मधले बरोबर आणि टोकाचे अडखळत असतील तर फक्त केबल नव्हे, हँगर तपासायला सांगा. सगळ्यात मोठ्या दातेचक्रावर चेन असताना डिरेलर हाताने आत ढकला, चेन तारांकडे उतरता कामा नये. डिरेलरवरचा एल लिहिलेला स्क्रू (चेनची आतली हद्द ठरवणारा) ढिला असेल तर कसारा घाटासारख्या चढावर, सर्वांत हलक्या गिअरमध्येच, चेन तारांत जाते. सीटपोस्ट बाहेर काढून ग्रीस आहे का बघा. नसेल तर बाकीची फिटिंगही घाईत झाली असं समजा.

बिलावर बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर लिहून घ्या. हमीसाठी लागतो, चोरी झाली तर पोलिसांतही लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या स्टिकरचा माल असला तरी बिलात ५ टक्केच बघा.

सिडको

कामावर जायला साधी सायकल हवी असेल तर दुकानच. एक बघा, व्हॉल्व्ह कुठला आहे. पेट्रोल पंपावरची नळी मोटारसायकलीसारख्या जाड व्हॉल्व्हला बसते, बारीक प्रेस्टाला पितळी अडॅप्टर लागतो. ट्यूबही पंक्चरवाल्याकडे २६ इंचाची मिळेल, ७०० मापाची मिळेलच असं नाही. टायरवरचा रिमच्या मापाचा आकडा (मिलिमीटरमध्ये ६२२, ५८४ किंवा ५५९) वाचून त्याच मापाची एक ट्यूब सीटखाली ठेवा.

देवळाली कॅम्प, ई-सायकल

ई-सायकलला माझा कौल स्पष्ट आहे: नाशकात किंवा फार तर पुण्यात सर्व्हिस सेंटर नसलेल्या कंपनीची थेट मागवू नका. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते. कुरिअरवाले ती एकेका ग्राहकाकडून सहसा घेत नाहीत, म्हणजे हमी असूनही बॅटरी परत पाठवणं अडतं. कंपनीकडून लेखी घ्या की बॅटरी न्यायची व्यवस्था कोण करणार.

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वेगमर्यादा काढून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे जाऊ नका. बॅटरीची तुलना व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर अशी करा. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. फक्त 'इतके किलोमीटर' या जाहिरातीवर विसंबू नका.

कंपनी बाहेरगावची असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

महात्मानगर

लहान मुलांसाठी थेट मागवू का? मुलगी सहा वर्षांची आहे.

पंचवटी, दुरुस्तीचं काम

ताई, तिला दुकानात घेऊन जा. सीटवर बसून दोन्ही चवडे टेकले पाहिजेत आणि ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांनी पूर्ण दबला पाहिजे. १६ आणि २० इंचाच्या मधलं हे वय आहे, त्यामुळे वय सांगून मागवलेली सायकल लागतेच असं नाही. लिव्हरच्या आत छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो, तेवढं फिटिंग करतानाच करून मागा.

आणि थेट मागवणारे सगळे: परतीची मुदत संपेपर्यंत खोकं, फोम आणि फोर्कच्या टोकांमधला प्लॅस्टिकचा ठोकळा टाकू नका. ठोकळ्याशिवाय परत पाठवली तर फोर्क दबतो आणि ते नुकसान तुमच्या नावावर लागतं.