गोळ्यांनी वजन वाढतं ही काय नाटकं आहेत का?

शाहूपुरीची_लेक
परवा इथं एकानं लिहिलं की मानसिक आजाराच्या गोळ्यांनी वजन वाढतं, डोकं चालत नाही, ही सगळी गोळ्या टाळायची नाटकं, रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा, रस्सा कमी ओरपा, आपोआप उतरतंय. वाचल्यापासनं डोक्यात गेलंय, म्हणून लिहिते.

माझा भाऊ तालमीतला पोरगा. मानसिक आजार निघाल्यावर ओलान्झापिन नावाची गोळी चालू झाली. मध्यरात्री उठून स्वयंपाकघरात अंधारात उभा राहून डब्यातल्या गार भाकऱ्या नुसत्या मिठाबरोबर खायचा, आणि खाऊन झाल्यावर परत, "आक्का, भूक लागल्या." ह्याला हावरटपणा म्हणायचं? मेंदूत हिस्टामीन आणि सेरोटोनिनच्या ज्या जागांवरनं पोट भरल्याचं कळतं त्याच ही गोळी अडवते, माणसानं कितीही खाल्लं तरी जेवल्यासारखं वाटत नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ह्यात सगळ्यात पुढं, कुठल्याही सायकियाट्रिस्टला विचारा. त्यात पेपर वाचायला घेतला की खालच्या ओळीला येईपर्यंत वरची विसरलेला असतो.

गोळी बंद करा असं मी म्हणतच नाही. पण चालू करायच्या आधी सांगा, वजन, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल मोजा, मग द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला दुष्परिणामांची माहिती मिळायचा हक्क आहे. आम्हाला काय सांगितलं? "थोडी झोप येईल." बास.

पेठेतला_गडी
मीच लिहिलंय ते, आणि का लिहिलंय ते ऐका. माझ्या मावसभावानं असलंच कायतरी मोबाईलवर वाचून गोळ्या एका झटक्यात सोडल्या. दिवाळीच्या तोंडावर स्टँडवर अनवाणी सापडला, सख्ख्या आईला ओळखत नव्हता. मावशीची ती अवस्था तुम्ही बघितली असती तर वजनाचं नाव काढलं नसतं. माणूस जाड झालेला चालतोय, हातातनं गेलेला चालत नाही.

शाहूपुरीची_लेक
अहो तेच तर म्हणते मी! आधी कुणी नीट सांगितलं असतं, गोळी बदलता येते हे सांगितलं असतं, तर तो झटक्यात सोडला असता का? लोकं गोळ्या सोडतात ते कुणी ऐकून घेत नाही म्हणून.

मेडिकलवाला_राजारामपुरी
काउंटरवरनं दिसतंय ते सांगतो. डोकं चालत नाही ह्याचं सगळं खापर मुख्य गोळीवर फोडू नका. सोबत हाताची थरथर आणि ताठरपणा कमी करायला पॅसिटेन असते, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. तिनं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि विसराळूपणा येतो. थरथर कधीच थांबलेली असते, तरी लोकं जुनी चिठ्ठी दाखवून तीच घेत राहतात, परत डॉक्टरकडं जातच नाहीत. क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट आणि झोपेसाठी देतात ती गोळी, तिचं पण तेच. आणि स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरण गोळी चालू व्हायच्या आधीपासूनच कमी झालेलं असतं, हे पण घरच्यांनी ध्यानात घ्यावं.

कागलकर
सांगा सांगा म्हणताय, पण कुणाला सांगायचं? आमच्या वडिलांना काय झालंच नाही असं त्यांचं म्हणणं. आम्ही गोळी दुधात कालवून देतोय, आई रोज सकाळी पितळी पेला पुढं ठेवती. तवापासनं घर शांत हाय. साइड इफेक्ट वाचून दाखवले असते तर एक गोळी पोटात गेली नसती. कायदा पुस्तकात राहू द्या.

लिथियमवाली
कागलकर, तुमच्या वडिलांच्या जागी मी होते. सासरी माझी आमटी वेगळ्या वाटीत यायची, मला वाटायचं तिखट सोसत नाही म्हणून काळजी घेतात. वजन वाढायला लागलं तसं मी रात्रीचं जेवण सोडलं, सोमवार-गुरुवार उपास धरले, थायरॉईड तपासून आणला. नॉर्मल. आणि सासू सगळं बघत होती! दाभोळकर कॉर्नरला स्कूटरवर डुलकी लागून पडले तरी कुणी तोंड उघडलं नाही. कळल्यावर त्या घरात स्वतः रांधल्याशिवाय एक घास खाल्ला नाही. आता लिथियम, म्हणजे मूड ताळ्यावर ठेवायची गोळी, मी माझ्या हातानं घेते, रक्तातली पातळी बघते, थायरॉईड आणि किडनी तपासते. सांगितलं असतं तर तेव्हाही घेतलं असतं.

कागलकर
ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला पटलं असतं. आमच्यात विळा घेऊन आईच्या मागं लागलेला माणूस हाय तो. त्या रात्री कायदा आलता का सोडवायला? बोलायला काय जातंय.

लिथियमवाली
विळ्याचं वाचून काटा आला, खरंच. पण वडिलांची साखर कधी तपासली? कशाच्या नावाखाली तपासणार?

कागलकर
डोळ्याच्या शिबिराचं निमित्त करून काढली. वाढलीय. आता खूश व्हा.

मेडिकलवाला_राजारामपुरी
खूश कोण होणार, भावा. पण पेला अर्धा राहिला तर डोस किती गेला? आणि उरलेलं दूध नातवानं प्यालं तर? महिन्यातनं एकदा घ्यायचं इंजेक्शन असतंय, रोजची कटकट नाही. ते पण लपवून द्यायचं नसतंय, पण डॉक्टरांनी समोर बसवून बोललं की कधी कधी ऐकतात लोकं.

पेठेतला_गडी
मूळ विषय दुधात बुडाला. असो. नाटकं हा शब्द मागं घेतो, घ्या. पण मनानं गोळी सोडणाऱ्याला मी बोलणारच.

शाहूपुरीची_लेक
बोला की, त्याला कोण नको म्हणतंय. भावाची गोळी डॉक्टरांनीच हळूहळू बदलून ॲरिपिप्राझोलवर आणली, मधे वजनासाठी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळीही होती. वजन सगळं उतरलं नाही, पण रात्रीचं उठणं थांबलं. मात्र हे मागायला आम्हाला दुसरा डॉक्टर गाठावा लागला, हा माझा राग अजून गेलेला नाही.

कागलकर
ते इंजेक्शनचं विचारायला वडिलांना न नेता एकट्यानं गेलं तर चालतंय का?

मेडिकलवाला_राजारामपुरी
चालतंय. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात. साखरेचा रिपोर्ट न्या आणि दुधातनं काय, किती देताय ते खरं लिहून न्या.

लिथियमवाली
आणि वडिलांना सांगणार कधी, ते पण विचारून या.