मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरमधल्या पांपोरला केशराचं शेत बघायचंय

होटगी रोड: आम्ही चौघे, विमानाची तिकिटं झालीत. टूरवाला म्हणतो पांपोरला अर्धा तास थांबू, हायवेवरची दुकानं दाखवू. दुकान नकोय. घरच्या शेतावर फुलं खुडताना बघायचंय, केशरही त्यांच्याकडूनच घ्यायचंय. शेतात येऊ देतात का? त्याला उद्या कळवायचंय, लवकर सांगा.

काळी माती: तारखा कुठल्या? दिवाळी पुढेमागे होते, केशर थांबत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलतं, भर ऑक्टोबरअखेर.

बार्शीकर: त्यापेक्षा केरळात इडुक्कीला वेलदोडा बघा. तोडणी कित्येक महिने चालते, तारखेचं टेन्शन नाही. ५० अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत वाळवतात, तेही बघायला मिळतं.

काळी माती: त्यांनी केशर विचारलंय.

होटगी रोड: १२ नोव्हेंबरला श्रीनगरला उतरतोय. एवढा फरक पडतो का?

काळी माती: सगळा फरक तिथेच आहे. १२ ला बहुतेक नुसती गवतासारखी पात दिसेल. तिकीट बदलता येत असेल तर २५ ते ३० ऑक्टोबर धरा. फूल पूर्ण उमलायच्या आत, ऊन चढण्याआधी खुडतात. उन्हात फुलातल्या केशराच्या काड्या कोमेजतात. दुपारी पोचलात तर शेत रिकामं. श्रीनगरहून पांपोर १५ किलोमीटरच्या आत आहे, सकाळी सहाला निघा. स्वेटर आणि कानटोपी हवीच. विचारल्याशिवाय आत शिरू नका. चौकोनी वाफ्यांमध्ये पाण्याच्या चाऱ्या असतात, चालायचं त्या चारीतून. वाफ्यावर पाय पडला तर कोंब मोडतो.

अक्कलकोट नाका: येताना केशराचे कंद आणा. घरी एसी खोलीत ट्रेमध्ये केशर येतं.

काळी माती: अर्धीच माहिती देऊ नका. ८ ग्रॅमच्या आतला कंद सहसा फुलत नाही. फुलायच्या वेळी खोली १७ अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास लागते. फुलं झाल्यावर कंद मातीत लावून पात वाढू दिली नाही तर नवे कंद पोसत नाहीत, पुढच्या वर्षी फूल नाही. आपल्या भारी काळ्या रानात तर सप्टेंबरच्या पावसातच कंद सडेल.

माळरान: खरेदीचं सांगतो. मोंगरा आणि लच्छा हे केशराचे प्रकार. मोंगरा म्हणजे काडीची फक्त लाल टोकं. लच्छ्यात खालचा पिवळा भाग असतो, म्हणून स्वस्त. कोमट पाण्यात टाका: खऱ्याचा पिवळा रंग हळूहळू सुटतो, काडी लालच राहते. लगेच लाल पाणी झालं तर रंगवलेलं.

अक्कलकोट नाका: पाण्याने भेसळ कळत नाही.

माळरान: रंगवलेली काडी कळते. खऱ्यात थोडं जुनं किंवा हलकं मिसळलेलं कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. पांपोरजवळ दुस्सूला केशर व्यापार केंद्र आहे, तिथे तपासणी होते. काश्मिरी केशराला २०२० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, त्या लेबलचं पाकीट मागा. एका ग्रॅमला साधारण १५० फुलं लागतात, त्यामुळे फार स्वस्त दिसलं की घेऊ नका.

होटगी रोड: तारीख २६ ऑक्टोबर करतोय. टूरवाला पहाटेची गाडी देत नाही म्हणतो.

काळी माती: त्याला सोडा. हॉटेलवाल्याकडून आदल्या रात्री टॅक्सी ठरवा, ड्रायव्हर पांपोरकडचाच मागा, म्हणजे ओळखीच्या शेतावर नेईल. भाडं ठरवतानाच सांगा की दुकानावर थांबायचं नाही.