मदत हवी आहे: साइटवर बेडगी शोधली की तेजा वर येते

नमस्कार मंडळी,

राहतो ठाण्यात, सध्या वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका घाऊक व्यापाऱ्यांची साइट सांभाळतोय. शोध इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. मालकांचं म्हणणं एवढंच की गोदामात आहे तो माल आधी दिसावा आणि संपलेला खाली जावा. पण संपलेला गायब होता कामा नये, कारण गिऱ्हाईक तो बघूनच 'कधी येणार' म्हणून फोन करतं.

म्हणून फंक्शन स्कोअर क्वेरीत (जुळणीचे गुण बदलणारी क्वेरी) फील्ड व्हॅल्यू फॅक्टर (रकान्यातला आकडा गुणांत धरणारी सोय) घालून शिल्लक किलोंचा आकडा जोडला. आता 'लाल मिरची बेडगी' टाकलं की पहिली येते गुंटूरची तिखट तेजा मिरची! तेजा आहे ५००० किलो, बेडगी ४०. मालक म्हणतात, "रंगासाठी आलेल्याला ठसका कशाला दाखवता?" बरोबरच आहे त्यांचं.

साठ्यावर सरळ सॉर्ट लावून पाहिलं तर आणखी गंमत. मिरचीच्या लोणच्याच्या मसाल्याची पाकिटं सगळ्यांच्या वर.

शिवाय 'गरम मसाला' शोधल्यावर त्यांचा स्वतःचा ब्रँड पहिला हवाय, आणि 'ब्याडगी' लिहिलं तर काहीच सापडत नाही. कुठून सुरुवात करू?

पारसिक_बोगदा:
सॉर्ट काढून टाका आधी. सॉर्ट लावलं की जुळणीचे गुण क्रमात धरलेच जात नाहीत, मग पाकिटं वर येणारच.

तेजाचं कारण गुणाकार. फंक्शन स्कोअर मूळ गुणांना तुमच्या आकड्याने गुणतो. समजा बेडगीला जुळणीचे ६ गुण आहेत आणि तेजाला २. ६ गुणिले ४० म्हणजे २४०, आणि २ गुणिले ५००० म्हणजे १०,०००. संपलं. मॉडिफायर म्हणून लॉग१पी (आकड्यात १ मिळवून त्याचा १० च्या पायाचा लॉग) दिलात तर ४० चे साधारण १.६ होतात आणि ५००० चे ३.७. मग बेडगी ९.७, तेजा ७.४. पण साठा शून्य झाला की लॉगही शून्य, गुणही शून्य.

माझं मत विचाराल तर किलो मोजूच नका. गिऱ्हाइकाला माल आहे की नाही एवढंच हवं असतं. साठा शून्यापेक्षा जास्त असा फिल्टर लावा आणि त्याला वेट २ द्या, म्हणजे त्यात बसणाऱ्या मालाचे गुण दुप्पट. फिल्टरमध्ये न बसणाऱ्या मालाचे गुण आहेत तसेच राहतात, त्यामुळे तो यादीतून जात नाही.

दुसरं, मॅच क्वेरी मुळात 'किंवा' धरून चालते. तीनातले दोन शब्द जुळले म्हणून तेजा आत शिरली. मिनिमम शुड मॅच (किमान किती शब्द जुळायला हवेत ते) वाढवून बघा, पण बेताने, नाहीतर नावात 'लाल' नसलेली बेडगीच बाहेर जाईल.

स्वतःच्या ब्रँडसाठी ठरावीक वस्तू सगळ्यांच्या वर ठेवणारी पिन्ड क्वेरी आहे, त्यात वस्तूचे आयडी द्यायचे. तो ब्रँड गुणांची ओढाताण करून वर आणू नका, पुढे निस्तरताना नाकी नऊ येतात.

खाडीपलीकडे:
बेडगी, ब्याडगी, ब्याडगि हे सगळं सिनॉनिम (समानार्थी शब्दांच्या) फिल्टरमध्ये घाला, आणि शोधाच्या वेळीच लावा. म्हणजे यादी वाढवली तरी सगळा माल पुन्हा इंडेक्स करावा (शोधासाठी नोंदवावा) लागत नाही. मराठीसाठी तयार अ‍ॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडून प्रत्यय छाटणारा) इलॅस्टिकसर्चमध्ये नाही. हिंदीचा आहे, पण प्रत्यय हिंदीचे छाटतो, 'हळदीचे'चं 'हळद' करेल या भरवशावर राहू नका. इंडिक नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा फिल्टर) मात्र जरूर लावा.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. वेट २ लावलं, बेडगी वर आली. आता एक पेच उरलाय: बेडगी पूर्ण संपली तरी ती तेजाच्या वरच राहते, ६ विरुद्ध ४. मालकांना संपलेला माल खाली हवा होता ना?

पारसिक_बोगदा:
ते तसंच राहू द्या. नाव घेऊन शोधणाऱ्याला त्याचीच वस्तू 'संपली' म्हणून दिसली तर तो फोन करेल. दोन बेडगींपैकी शिल्लक असलेली वर येतेय ना, तेवढं तपासा. आणि मालकांना पटवायचं असेल तर क्वेरीत एक्सप्लेन चालू करा, कुणाला किती गुण का मिळाले ते ओळीने दाखवता येईल.