सयाजीराव महाराजांना हुकूमशहा म्हणायचं का?

मांडवीकर: १९०६ साली महाराजांनी बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं. मुलं शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड. कुणाचं मत घेतलं होतं? एका माणसाचा हुकूम, पण भल्याचा. मग हुकूमशाही ही शिवी का?

वाडीवाला: राजेशाहीची नि हुकूमशाहीची गल्लत करताय. महाराजांच्या डोक्यावर रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी होता. महाराजांच्या आधी गादीवर असलेल्या मल्हाररावांवर तेव्हाचा रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा आरोप आला, तेव्हा आयोगात तीन इंग्रज विरुद्ध तीन हिंदी अशी फूट पडली. तरी १८७५ साली गैरकारभाराचं कारण देऊन सरकारने त्यांना गादीवरून उतरवलंच. ज्याला वरचा कुणी काढू शकतो, तो कसला हुकूमशहा?

मांडवीकर: म्हणजे इंग्रज होते म्हणून महाराज या शिवीतून सुटले! अहो, रोममध्ये तर डिक्टेटर हे कायदेशीर पद होतं. संकटापुरतं, फार तर सहा महिने.

दांडियाबाजार: मग बिघडलं कुठे तेही सांगा. इ.स.पू. ८२ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने ती मुदतच उडवली, ४४ मध्ये सीझर तहहयात झाला. पद तेच, कुलूप तेवढं काढलेलं. जर्मनीतही दार कायद्यानेच उघडलं. २८ फेब्रुवारी १९३३ च्या फर्मानाने नागरी हक्क स्थगित, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा. मग २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. आधी विरोधक बाहेर, मग मतदान. हा क्रम महत्त्वाचा. नुसतं बहुमत मोजणारे इथेच फसतात.

वाडीवाला: तसं असेल तर आणीबाणीही हुकूमशाहीच? पण १९७७ साली निवडणूक झाली, सरकार पडलं. बडोदा डायनामाइट खटल्यातले, म्हणजे सरकारविरोधी स्फोटांच्या कटाचा आरोप असलेले जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून निवडून आले.

दांडियाबाजार: निवडणूक कधी घ्यायची, हे कुणाच्या हाती होतं? लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष, अशी दोनदा वाढवली होती. तिसऱ्यांदा वाढवली असती तर अडवणारं कोण होतं? १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी हात वर केले होते, अटक बेकायदा असली तरी दाद मागता येणार नाही म्हणून. म्हणूनच घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला आणि कलम २१, म्हणजे जीविताचा नि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, स्थगितीतून वगळलं.

मांडवीकर: थोडक्यात, काम चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही म्हणता?

दांडियाबाजार: तो वेगळा प्रश्न. महाराजांची शाळा चांगलीच होती. पण त्यांच्या जागी दुसरा मल्हारराव आला असता, तर रयतेने तक्रार कुठे न्यायची? रेसिडेंटकडेच ना?

वाडीवाला: हे मात्र खरं. तरी हुकूमशहा म्हणणार नाही, निरंकुश राजा म्हणेन.